साधा की रान?

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांची खाट खिडकीशी आहे. मोतीबिंदूमुळं दिसतं अंधुकच. पण पडेगावच्या आमच्या घराशेजारी रिकामा प्लॉट आहे, आणि तिथल्या बोरीच्या झुडपात एक वटवट्या रोज सकाळी गळा काढायचा. चिमणीहून लहान, शेपूट उभी, तोंड अखंड चालू. "माझी चिटुकली आली गं," सासूबाई म्हणायच्या आणि मगच चहाला हात लावायच्या.

मला पक्ष्यांचं वेड. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर मी ठोकून दिलं, की हा रान वटवट्या. एका शहाण्यानं लिहिलं, "ताई, साधा वटवट्या असेल." दोघं दिसायला भाऊ-भाऊ, खरा फरक आवाजात. या जमातीचं नशीबच तसं. जुन्या इंग्रज पक्षीतज्ज्ञांनी यांना 'रेन' या विलायती पाखराच्या नावानं ओळखलं, पुढं 'वार्बलर' नावाच्या पाखरांच्या घरात घातलं, आता शास्त्रज्ञांनी यांचं वेगळं बिऱ्हाड थाटून दिलंय. पाखराला त्याचं सोयरसुतक नाही. मला मात्र होतं.

एका सकाळी झुडपाशी उभी राहून मी मोबाइलवर रान वटवट्याचा आवाज लावला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो पिसं फुलवून बाहेर आला, ओरडला. रानच होता! खात्री पटली, तरी ग्रुपसाठी त्याचं रेकॉर्डिंग नीट यावं म्हणून मी आवाज पुन्हा लावला, पुन्हा लावला. न दिसणाऱ्या वैऱ्याशी भांडत तो फांदीफांदीवर नाचत होता आणि मी खूश होते. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले.

दुसऱ्या दिवशी झुडूप गप्प. त्यानंतरही गप्पच. त्या वैऱ्यापुढं हार मानून तो हद्द सोडून गेला होता.

"आज बी नाय आली," सासूबाई म्हणायच्या. चहा गार व्हायचा. एकदा त्यांनी विचारलं, "माझ्यावर रुसली व्हय गं?" खाई त्याला खवखवे. मला त्यांच्याकडं बघवेना. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शेवटी मी खिडकीबाहेर उभी राहून तेच रेकॉर्डिंग लावलं. त्यांचा चेहरा उजळला. "आली बघ! तिला पाणी ठिव बाई, उन्हाचं लई वरडती."

आता रोज सकाळी मी आवाज लावते आणि खिडकीत वाटीभर पाणी ठेवते. संध्याकाळी सासूबाई वाटीत बोट बुडवून बघतात, किती प्यायली ते. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागला, की मी त्यातलं अर्धं पाणी तुळशीत ओतते.