दोनदा माय

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. आणि मी म्हणजे कोण? तर पंगत थंड होईस्तोवर बोलणारा माणूस. घरात मला रेडिओ म्हणतात – बंद करायचं बटण नसलेला. मग हीच एक गोष्ट काहून राहिली?

धाकट्या बहिणीचं, सुमनचं, पहिलं बाळंतपण आमच्याकडे सेनगावला झालं. पोरगी झाली. ‘मामा’ या शब्दात ‘मा’ दोनदा येते, म्हणजे मामा म्हणजे दोनदा माय – हा माझा शोध मी गल्लीभर ऐकवला. जावळ मामाच्याच मांडीवर काढतात, म्हणून मांडी घालायचा सरावही सुरू केला. पोट आड यायचं.

बारशाआधीच लेकराचा श्वास अडकू लागला, ओठ निळे पडले. सुमन तापानं फणफणलेली. मीच जीपनं हिंगोलीला नेलं, एका खाजगी दवाखान्यात. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, “नळी टाकावी लागेल. टाकण्यात धोका आहे, न टाकण्यात जास्त. आई-बाप नसले तरी कायदा मला अडवत नाही. पण मागं एक पेशंट दगावला आणि नातेवाइकांनी ही काच फोडली, तेव्हा कायदा इथं उभा नव्हता. तुम्ही फक्त हो म्हणा.”

हो. एक अक्षर. जन्मभर एवढी अक्षरं उधळली – आणि ते एक? मला लेकरू दिसतच नव्हतं. ‘मामानंच मारलं’ म्हणणारी सुमनची सासू दिसत होती.

“मी नुसता मामा हाय, साहेब. बापाला येऊ द्या.”

दाजींचा फोन शेतात लागेना. डॉक्टर थांबला – तोही भ्यालाच होता. शेवटी दाजी आले ते जिन्यावरूनच ओरडत, “टाका, टाका!” नळी टाकली. उशीर झाला होता.

“दादा, डाक्टरनं तुला काही इचारलं व्हतं का?” सुमननं विचारलं.

“न्हाई गं माय.”

आज ती पोरगी शाळेत जात असती. नाव ठेवायचा मान आत्याचा, तरी मी मनात एक ठेवलंय. शाळा सुटताना कुणी त्या नावानं हाक मारली, की मी अजून वळून बघतो.

पुढं सुमनला मुलगा झाला. जावळ माझ्याच मांडीवर. वस्तरा पाहून पोरगं रडू लागलं, तशी ती म्हणाली, “रडू नको राजा, मामा म्हंजी दोनदा माय. दादा, तू हलू नको बरं.”

मी हललो नाही. तेवढं मला जमतं.