पेन्सिलीतला पाणचिरा

नौपाड्याच्या कोपऱ्यावर सकाळी सहाला शिरीष आमच्याआधी येऊन उभा होता. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हे पहिल्यांदाच घडत होतं. गळ्यात दुर्बीण, पायात नवेकोरे बूट आणि बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी घाई. वंदनाने गाडी काढली आणि आम्ही तिघं डोंबिवलीच्या खाडीकडे निघालो.

गेल्या आठवड्यात कुणीतरी तिथल्या पाणचिऱ्याचा फोटो टाकला होता. हा पक्षी इकडे क्वचितच दिसतो. त्याच्या केशरी चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो, तो पाण्यात बुडवून हा पक्षी उडता उडता मासे टिपतो. अकरा वर्षांपूर्वी विठ्ठलवाडीला बहिणीकडे राहायला गेलेला शिरीष एकटाच कल्याणच्या खाडीवर फिरायला गेला आणि "मी पाणचिरा पाहिला" म्हणत परत आला. पण आमच्या पक्ष्यांच्या वहीचा नियम आहे: दोघांनी पाहिला तरच शाईने नोंद. नियम माझाच. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, पुराव्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हापासून वहीत पाणचिरा पेन्सिलीत आहे आणि त्यावरून आम्ही दोघी शिरीषला चिडवतो. तो हसतो, पण त्याला लागतं हे मला माहीत होतं.

खाडीवर पोचलो तर ओहोटी. जाळं सोडवत बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "कं बगाला आयलाव?"

शिरीषने मोबाइलवर फोटो दाखवला.

"ह्यो? आता सुकती (ओहोटी) हाय. पानी चढलं का येतंय कधी कधी. तवर बसा."

आम्ही बसलो. मावशींनी घरून तांदळाची भाकरी आणि तळलेल्या निवट्या (चिखलातले छोटे मासे) आणून दिल्या. वंदना पक्की शाकाहारी, त्यामुळे तिच्या वाटच्या निवट्याही मीच खाल्ल्या.

दुपारी पाणी चढू लागलं. पुढून नीट दिसेल म्हणून शिरीष बांधावरून दोन पावलं खाली उतरला आणि मांडीपर्यंत चिखलात रुतला.

"अरे, हात दे!" वंदना ओरडली. तिघींनी मिळून त्याला ओढून काढलं. एक बूट खाडीने ठेवून घेतला. मावशी आणि वंदना त्याला नळावर घेऊन गेल्या, मी सामान राखत बांधावर बसले.

आणि तो आला! चोचीने पाण्यावर सरळ रेघ ओढत समोरून गेला, वळला, परत गेला आणि खाडीवरच्या पुलापलीकडे दिसेनासा झाला. मोबाइल हातात असून फोटो काढायचं सुचलं नाही. मी जिवाच्या आकांताने हाका मारल्या, पण ते येईपर्यंत समोर नुसतं पाणी होतं.

दिवस मावळेपर्यंत थांबलो. तो काही पुन्हा फिरकला नाही.

परतताना वाटलं, आता शिरीष अकरा वर्षांचं उट्टं काढणार. त्याने एवढंच विचारलं, "तो गेल्यावर पाण्यावरची रेघ थोडा वेळ राहिली ना गं?"

"राहिली. मग पुसली."

"हं, तशीच. तू म्हणतेस म्हणजे पाहिलास. मला एवढं पुरे."

एवढं साधं वाक्य मी त्याला अकरा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

नौपाड्यात गाडी थांबताच मी वही आणि पेन काढलं.

"दोघांनी पाहिलाय."

"एकाच वेळी कुठे पाहिलात?" वंदना म्हणाली.

"तसं नियमात कुठंय?"

पेन्सिलीवरून शाई फिरवली. आधी त्याचं नाव लिहिलं, मग माझं. शिरीषने ती ओळ दोनदा वाचली. मग एका बुटावर लंगडत घरी गेला, आणि जाताना वही मागून घेऊन गेला.