‘खटका’ शोधलं की वर दुसराच

माझे धाकटे दीर कुलपं दुरुस्त करतात. बिघडलेलं कुलूप उघडताना ते त्याला कान लावतात आणि डोळे मिटतात. बघणाऱ्याला वाटावं, डुलकीच लागली. त्या वेळी शेजारी कोणी शिंकलेलंही त्यांना खपायचं नाही. फोन तर ते फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत टाकायचे. "वहिनी, आतला खटका पडतो तो आवाज केवढासा! त्यात ती घंटी कशाला?"

दुकानाचं नावही ‘खटका’च. ते त्यांनी रीतसर सरकारदरबारी नोंदवलं आणि त्याचं प्रमाणपत्र काचेत मढवून दुकानात लावलं. लग्नाचा फोटो मात्र घरी कपाटात. जाऊबाई त्यावरून अजून टोमणे मारतात.

दाराबाहेर अडकलेली माणसं फोनवर ‘खटका’ शोधायची आणि भाऊजींना बोलवायची. मग हळूहळू बोलावणी कमी झाली. कोणीतरी दाखवलं तेव्हा कळलं, ‘खटका’ शोधलं की सगळ्यांत वर एका नव्या कंपनीची जाहिरात येते. कुलपंवालीच कंपनी. भाऊजी तिच्याखाली. जाहिरातीत भाऊजींचं नाव कुठेच नव्हतं. कंपनीचं स्वतःचं नाव, स्वतःचा नंबर आणि ‘लगेच येतो’. पण कोणी ‘खटका’ शोधलं की आपली जाहिरात दिसावी, म्हणून त्यांनी पैसे भरले होते म्हणे.

भाऊजींचा पारा चढला. "माझं नाव परस्पर विकलं आणि मला विचारलंसुद्धा नाही!"

वकिलाकडे मी सोबत गेले, कारण रागात हे काय बोलतील याचा नेम नाही. वकीलबाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. म्हणाल्या, "काका, नुसता शब्द घेतला म्हणून त्यांना अडवता येईलच असं नाही. जाहिरातीत तुमचं नाव छापलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता आपल्याला दाखवावं लागेल, की ती तुमचीच जाहिरात समजून कोणीतरी तिकडे गेलं. असं फसलेलं माणूस आहे का?"

"आहे की! माझी सख्खी बहीण!"

माझ्या थोरल्या नणंदेचं दार एकदा लॅच लागून बंद झालं होतं आणि ते उघडलं त्या कंपनीच्या माणसाने. हे कळल्यापासून भाऊजी तिच्याशी धड बोलत नव्हते. जाहिरातीचा प्रकार कळला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ताई फसली होती तर!

तिथून आम्ही तडक वन्संकडे. त्या उशांना अभ्रे चढवत होत्या.

"ताई, तू फक्त एवढंच सांगायचंस, की तुला वाटलं मीच येतोय."

वन्संचा हात थांबला. "तसं नव्हतं वाटलं रे."

"अगं, तुला चष्म्याशिवाय दिसतं कुठे!"

"चष्मा नाकावरच होता. आधी तुलाच फोन लावला. परत लावला. आत गॅसवर दूध होतं, तू उचलेनास. मग फोनवर शोधलं, वर जो दिसला त्याला लावला. तो परका आहे हे चांगलं कळत होतं मला."

"मी कामात होतो."

"तू कामातच असतोस. बाबा गेले तेव्हाही तुला बोलवायला माणूस पाठवावा लागला."

वन्संचाच आवाज मग मऊ झाला. "फसले म्हणून सांगू का कोर्टात? तू म्हणत असशील तर सांगते. भावासाठी तेवढं खोटं बोलेन मी."

"नको," भाऊजी म्हणाले आणि उठून दारापाशी गेले. वाकून लॅचला कान लावला, किल्ली फिरवली, कडेवरून बोट फिरवलं. त्यांना निदान एक ओरखडा तरी सापडावा, असं मला फार वाटत होतं.

"काम स्वच्छ केलंय त्याने," ते म्हणाले.

खटला काही झाला नाही. ती जाहिरात अजून तिथेच आहे, वर.

परवा मी दुकानात गेले तेव्हा फोन पेटीत नव्हता. समोर फळीवर उभा करून ठेवला होता, आवाज पूर्ण वाढवून. भाऊजींच्या हातात एक जुनं कुलूप होतं. कान लावला, डोळे मिटले, लगेच उघडून फोनकडे पाहिलं. पुन्हा मिटले, पुन्हा पाहिलं.

"पडला का खटका?" मी विचारलं.

"पडला असेल. माझं लक्ष नव्हतं, वहिनी."

फोन काही वाजला नव्हता.