किनुयोबाईंचा टॉवेल

किनुयो ओरिकासा या बाईंनी सतरा वर्षांत मला एकदाही "या, बसा" म्हटलं नाही. तरीपण त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं, तर मी त्याला तिथल्या तिथे गप्प करीन, मग तो कुणी का असेना.

आमच्या ह्यांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून निईगाताच्या डोंगराकडच्या या गावात आम्ही आलो आणि बार्शीची मी कुंदा, वरच्या आळीची 'इंडियावहिनी' झाले. पहिल्याच आठवड्यात वाटीभर खीर घेऊन मी शेजारी गेले. आपली पद्धत माहीतच आहे. दार सरकवलं आणि "आहे का कुणी घरात?" करत थेट आत. किनुयोबाईंनी मला दोन्ही खांद्यांना धरून उलटं वळवलं, बाहेर नेऊन उभं केलं, दार लावलं आणि आतून म्हणाल्या, "आता बेल वाजवा." वाजवली. "कोण?" म्हणाल्या. "अहो, आत्ता तर बघितलंत मला!" तर परत, "कोण?" खीर पार गार झाली तेव्हा कुठे ती वाटी आत गेली.

अडतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचा भात शिजवला. नवरा लवकर गेला, मुलगा तोक्योत. अंगकाठी म्हणाल तर चिमणीएवढी, आवाज मात्र मोठ्या पातेल्यांवर ओरडून ओरडून तयार झालेला. घरात मुळ्याच्या लोणच्याची पाच लाकडी पिंपं, प्रत्येकावर वरवंट्याएवढा दगड. आणि एकोणीस वर्षांपासून त्या आमच्या आळीच्या गटप्रमुख. म्हणजे भूकंप झाला तर तेवीस घरांतली माणसं शाळेच्या मैदानावर आणायची, मोजायची आणि नगरपालिकेच्या माणसाला आकडा द्यायचा. त्यासाठी डोक्यावर शिरस्त्राण, दंडाला हिरवा पट्टा, गळ्यात शिट्टी, हातात भोंगा. दर सप्टेंबरात सराव. मागच्या वर्षी आळी नऊ मिनिटांत मैदानावर आली, त्याचं प्रमाणपत्र त्यांनी नवऱ्याच्या फोटोशेजारी लावलं. फोटो जरा बाजूला सरकवावा लागला.

टॉवेलाचा नियमही त्यांच्या तोंडातून मी हजारदा ऐकलाय. घरातले सगळे धडधाकट असतील तर बाहेर पडताना फाटकाला पांढरा टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की त्या दारात कुणी वेळ घालवायचा नाही, पुढच्या घरी जायचं. सोपं आहे. पण किनुयोबाईंनी विचार केला, की खरा भूकंप आला तर आपण लोकांना काढायला धावणार, टॉवेल बांधायला वेळ कुठला? आणि गटप्रमुखाच्याच फाटकाला टॉवेल नाही म्हणजे शोभा! म्हणून त्यांनी आपला टॉवेल आधीच बांधून ठेवला. कायमचा. दर सोमवारी धुवायच्या आणि परत बांधायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, अकरा-साडेअकराला, तो आला.

सतरा सराव केलेली मी बाई. टेबलाखाली शिर, डोकं झाक, हादरे थांबेपर्यंत हलू नको, सगळं पाठ. प्रत्यक्षात काय केलं? गॅस बंद केला, कुकर उचलला आणि कुकर पोटाशी धरून "आई गं, आई गं" करत रस्त्यावर. जमीन अशी हलत होती, की उभं राहायचं तर बसायला होत होतं. विजेच्या तारा दोरीच्या उड्या मारत होत्या. हे ओसाकाला गेलेले. मी एकटी, हातात तुरीच्या डाळीचा कुकर, आणि त्यानं नेमकी तेव्हाच शिट्टी दिली. मी एवढी दचकले की कुकरचीच माफी मागितली.

हादरा थांबला. आळीतली दारं उघडली, फाटकाफाटकांवर टॉवेल दिसायला लागले. आणि आमच्या दोघींच्या घरांमधल्या बोळातून एक बारीक आवाज आला.

"माफ करा हं. कुणी आहे का? घाई नाही."

आवाज किनुयोबाईंच्या संडासाच्या खिडकीतून येत होता. वीतभर खिडकी ती. मी टाचा उंचावून आत बघितलं, तर बाई आत उभ्या, ताठ, हातात नॅपकिन.

"इंडियावहिनी, तुम्ही होय. हवा छान आहे आज."

"हवा गेली चुलीत! तुम्ही आत काय करताय?"

"दार उघडत नाही. लोणच्याची पिंपं पडलीत वाटतं बाहेरून."

पुढच्या दारानं आत घुसले. बोळकांडीत पाचही पिंपं आडवी, दगड इकडेतिकडे, मुळे पायघड्या घातल्यासारखे पसरलेले, आणि वरून कपाट त्यांच्यावर. संडासाचं दार बाहेर उघडणारं, ते या सगळ्याखाली दाबून गेलेलं. मी ढकललं, ओढलं, एका मुळ्यावरून घसरून आपटले. तेवढ्यात दुसरा हादरा. कौलं धडाधड अंगणात पडली आणि सगळं घर डावीकडे कललं. मी जीव घेऊन परत खिडकीशी.

"बाई, घर पडतंय! माणसं बोलावते."

"खबरदार!" आता मात्र तो शाळेतला आवाज आला. "एकोणीस वर्षं मी या दिवसाची तयारी केली. तो दिवस आला आणि गटप्रमुख कुठे? तर संडासात! हे कुणाला कळलं तर मी परत आळीत तोंड दाखवणार नाही. पुढच्या दारामागे शिरस्त्राण आहे, पट्टा आहे, भोंगा आहे. घाला. आधी बाकीची बावीस घरं. मग माझं."

"यादी घाला खड्ड्यात!"

"यादी तिसऱ्या खुंटीला आहे. आणि वहिनी, शपथ घ्या, कुणाला सांगणार नाही."

मी घेतली शपथ. डोळ्यांत पाणी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? कुकर त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि गटप्रमुख झाले.

मी अशी धावले त्या दिवशी! शिरस्त्राण नाकावर येत होतं. सहाव्या घरातले होकारीआजोबा, वय ऐंशी, टॉवेल नाही. आत गेले तर टेबलाखाली मांडी घालून बसलेले.

"आजोबा, चला!"

"सूचना झाली का?"

"मी देतेय ना!"

"तुम्ही इंडियावहिनी. सूचना गटप्रमुखांची लागते."

मी दंडाचा पट्टा त्यांच्या डोळ्यांसमोर नाचवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. "ठीक. पण भोंग्यातून द्या. तसंच असतं." मग मी त्या टेबलाखाली वाकून, दोन हात अंतरावरून, भोंग्यातून ओरडले, "वरच्या आळीचे नागरिकहो, बाहेर या!" आजोबा खूश होऊन बाहेर आले. चौदाव्या घरात सगळीकडे काचांचा सडा आणि दारात सायतोबाई हात आडवा करून उभ्या. "बूट काढून या हं वहिनी." म्हटलं, "काचा आहेत!" तर म्हणाल्या, "हो ना, घर किती घाण झालंय, तुम्हाला कसं आत बोलवू?" शेवटी त्यांना आणि त्यांच्या सासूबाईंना मी दारातूनच ओढून काढलं.

मधल्या मधल्या हादऱ्यांत माझं अर्धं लक्ष आमच्या बोळाकडे. दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाल्या, "किती झाली?" दुसऱ्यांदा खिडकीखालच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती. बाई म्हणाल्या, "मी बेसिन घासून ठेवलंय." आवाज थरथरत होता आणि ही बाई बेसिन घासत होती.

मैदानावर नगरपालिकेचा माणूस यादी घेऊन उभा. "वरची आळी?"

"बावीस घरं हजर," मी म्हटलं.

"तेविसावं?"

मागून सायतोबाई म्हणाल्या, "किनुयोबाईंचं ना? टॉवेल आहे की त्यांच्या फाटकाला. मी येताना बघितला."

"मग ठीक." आणि त्यानं बरोबरची खूण केली. माझ्या डोळ्यांदेखत. इतक्यात पायाखालची जमीन पुन्हा गुरगुरली आणि वरच्या अंगाला कौलं कोसळल्याचा आवाज झाला. एकोणीस वर्षांचा मान, शपथ, सगळं मला दिसत होतं. पण ती बाई मेली असती, आणि कागदावर सुखरूप असती.

मी भोंगा तोंडाला लावला. "टॉवेल खोटा आहे! किनुयोबाई संडासात अडकल्यात! दारावर लोणचं पडलंय! सगळे चला!"

मैदानात चार आळ्यांची माणसं होती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग होकारीआजोबा म्हणाले, "ही सूचना भोंग्यातून झाली," आणि चक्क धावले. त्यांच्यामागे आख्खी आळी. कुणी मोटारीतला जॅक घेतला, कुणी पहार, सायतोबाईंनी सुपली. घरापाशी येऊन सगळ्यांनी आधी, कलत्या घराकडे तोंड करून, बेल वाजवली. वीज नव्हती, तरी वाजवली. मी कपाळावर हात मारला.

आतून आवाज, "रांग मोडून आलात? मैदानावर कोण आहे?"

"कुणी नाही!" आम्ही ओरडलो.

"शाबास!" बाई भयंकर चिडल्या होत्या.

जॅकनं कपाट उचललं, पिंपं बाहेर काढली, मुळे सायतोबाईंनी सुपलीत भरले. दार निघालं. किनुयोबाई उंबऱ्यावर आल्या आणि थांबल्या.

"आता काय?" मी म्हटलं.

"पायात संडासातल्या चपला आहेत, त्या बाहेर चालत नाहीत. घरातल्या कुठायत?"

घरातल्या चपला एका पिंपाखाली चपट्या झालेल्या. वर तुळई करकरतेय, मातीची धूळ गळतेय, आणि बाई खाली वाकून चपला शोधतायत. दहा माणसं त्यांना चपला शोधायला मदत करतायत! माझं डोकं फिरलं. मी आत घुसले, त्यांना कडेवर उचललं, लहान पोराला उचलतात तसं, आणि बाहेर आणलं. त्या माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या. संडासातल्या चपला पायातच होत्या. आम्ही रस्त्यावर पोचलो नि पाच मिनिटांत घराची ती बाजू खाली बसली. आवाज फार मोठा नव्हता.

दिवसभर शाळेच्या सभागृहात बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मी शपथ मोडली होती. यादी परत घेतली, पट्टा परत घेतला, प्रत्येकाला भात मिळाला का बघितलं. मला वाढायची वेळ आली तेव्हा ताट ठेवलं आणि छताकडे बघत म्हणाल्या, "एक्केचाळीस मिनिटं. लाजिरवाणं." लोक त्यांच्यासमोर अडकल्याचं नावही काढत नव्हते. त्या कोपऱ्यात ताठ बसल्या होत्या आणि मला वाटत होतं, जीव वाचवला पण माणूस घालवला.

संध्याकाळी, अजून उजेड असतानाच, त्या माझ्याजवळ आल्या आणि माझी बाही ओढली.

"संडासला जायचंय."

"जा की. तिकडे, उजवीकडे."

त्या हलल्या नाहीत. मग एकदम खाली बघून म्हणाल्या, "दुपारपासून तीनदा गेले. दार लावायला हात होत नाही. उघडं टाकून बसू का चारशे माणसांत?"

मी उठले. दारापर्यंत गेलो दोघी. त्या आत गेल्या, दार अर्धं लावलं, थांबल्या. "बाहेर उभ्या राहा. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. तुमच्या भाषेत बोला. मला कळायला नको, नाहीतर मी उत्तर देत बसेन. नुसता आवाज येऊ दे."

दार लागलं. सतरा वर्षं या गावात मराठी मी फोनवर तोंडाला हात लावून बोलले, लोकांना त्रास नको म्हणून. आता एकदम काय बोलायचं तेच सुचेना. तोंडात आला तो पाढा. बे एके बे, बे दुणे चार. मोठ्यानं. मागे बायकांची रांग लागली, त्या शांत उभ्या राहिल्या, एकीनंही हळू बोला म्हटलं नाही. तेराचा झाला, पंधराचा झाला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा पाचे पंच्याऐंशी, सतरा सक एकशे दोन. आणि अडले. शाळेतही तिथेच अडायची.

आतून काही आवाज नाही. मग अगदी बारीक, "वहिनी? आहेस ना?"

"आहे हो, इथेच आहे."

"मग थांबलीस का?"

मला रडू यायला लागलं होतं आणि सतरा सत्ते काही केल्या आठवत नव्हतं. मी ठोकून दिलं एकशेवीस, आणि तशीच मोठ्या आवाजात पुढे गेले.