ढिगातला हात

"ए म्हातारे, तिथंच थांब. पायरी चढू नगं. ढीग बाटंल."

साताऱ्यातला दुकानदार माझ्या आईला म्हणाला. ती गावाहून माझ्याकडे आली होती; खाली रस्त्यात उभी होती, पदर पसरून. दुकानापुढं तसंच उभं राहायची तिला जन्माची सवय. त्या उभं राहण्यावरूनच त्याने तिची जात ओळखली.

माझा हात त्या वेळी त्याच्याच ज्वारीच्या ढिगात होता. मनगटापर्यंत.

नवरा पलटणीत, लढाईवर. मी साताऱ्यात खोली घेऊन राहत होते. अंगावर धड लुगडं, पायात वहाणा. जात कुणी विचारली नाही, मी सांगितली नाही. महिन्याचा बाजार फार विचार करून करायचे. गूळ कमी, तेल मोजकं, चहा बंदच. पण ज्वारी चांगली हवी. दाणा दाताखाली फोडून बघायचा, मगच पायली भरायला सांगायची. हे मला आईनेच शिकवलेलं, रहिमतपूरकडच्या खळ्यांवर. ज्वारी कापताना, मळताना, उफणताना तिचाच हात. तीच ज्वारी दुकानात गेली की तिच्या हाताने बाटायची!

"वहिनी, तुमच्याबरोबर हाय का ही?" दुकानदाराने मला विचारलं.

"व्हय. जळण आणती आमच्याकडं," मी म्हणाले.

आईने ऐकलं. दुकानदाराने झाडून काढलेलं ओंजळभर धान्य वरून तिच्या पदरात टाकलं. "लय उपकार, धनी," ती म्हणाली. घरी येताना ती माझ्या मागून चालली, चार पावलं अंतर ठेवून. जळणवालीसारखी.

खोलीवर तिने ते झाडण सुपात घेऊन निवडलं, दळलं. मला म्हणाली, "आजच्या भाकरी ह्याच्याच करू. तुजी ज्वारी महिनाभर पुरंल."

भाकरीत खडा लागला. मी तो थुंकून टाकला नाही. गिळला.

लढाईचे दिवस, धान्य मिळत नाही, हे दुकान तुटलं तर खायचं काय, असं मी स्वतःला समजावत राहिले. खोटं होतं ते. मला आईची लाज वाटली होती. माझ्याच आईची.

आठ दिवसांनी तिला घेऊन पुन्हा गेले. ती नको नको म्हणत होती. हाताला धरून पायरी चढवली.

"ही जळण आणत न्हाई. ही माजी आई हाय."

दुकानदार उठून उभाच राहिला. "म्हंजे एवढं दिस मला बाटवत हुतीस व्हय गं?" वहिनी म्हणणारी जीभ एका दमात 'गं'वर आली.

"माजा हात लागलेलीच ज्वारी तुमच्या घरात शिजली. काय झालं तुमाला?"

मी आईचा हात ढिगाकडे नेला. तिने मूठ आवळली. मी बोटं सोडवायला गेले, तर आणखी घट्ट. ती मूठ आवळायला मीही हातभार लावला होता.

रिकामी पिशवी घेऊन परतलो. जात कळली, तशी चार दिवसांत खोलीही सोडावी लागली. आई त्या 'जळणवाली'बद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता कुठल्याही दुकानात आधी आई पायरी चढते, मग मी पिशवी उघडते. जिथं तिला खाली उभं करतील, तिथून चिमूटभर मीठही आणणार नाही. अळणी खाईन.