नानांनी सरासरी काढली नाही

धुळ्याला आमच्या घराखालच्या किराणा दुकानात फोन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. दुकानदार वर येऊन म्हणाला, "सर, जळगावचे भास्करनाना गेले." अर्धी दाढी तशीच राहिली... ज्याच्याशी उभा जन्म वाद घातला, त्याने असं मधेच उठून जावं, याचा आधी रागच आला. रडू नंतर आलं.

अमळनेरच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी गणित. जळगावात पिंप्राळ्याहून आम्ही दोघं स्कूटरने स्टेशन गाठायचो, मग पॅसेंजर. जागा मिळाली की नानांच्या मांडीवर आलेखकागद. ऐंशीच्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय सांगायला लागले की स्टाफरूम पांगायची. अणुकेंद्रावर गॅमा किरण पडले की न्यूट्रॉन बाहेर पडतात, कधी एक, कधी जोडीने दोन. याची शक्यता परदेशातल्या दोन मोठ्या प्रयोगशाळांनी मोजली होती, आणि एकाच अणुकेंद्रासाठी एकीच्या मापात एकटे जास्त, दुसरीच्या मापात जोड्या जास्त! नानांना त्यातून एक भरवशाचा तक्ता करायचा होता. दिवाळीच्या सुटीत मुंबईहून त्या प्रयोगशाळांच्या शोधनिबंधांच्या झेरॉक्स आणायच्या आणि पट्टी-भिंग घेऊन छापील आलेखातला एकेक बिंदू वाचायचा. सकाळी वाचलेला आकडा झाकून दुपारी पुन्हा वाचायचे. "स्वतःवरही विश्वास नाही का?" मी चिडवायचो. "स्वतःवर तर नाहीच नाही," ते म्हणायचे.

त्यांचे मार्गदर्शक घाईतले गृहस्थ. म्हणाले, "दोन्हींची सरासरी घ्या, तक्ता भरा, पदवी घेऊन मोकळे व्हा." पदवीवर नानांची बढती अडली होती. त्या संध्याकाळी गाडीत ते माझ्याकडे वळून म्हणाले, "भो, बजारमा बैल शंभर शेतस, नि जोड्या साठ? कश्या?" बाजारात बैल शंभर आणि जोड्या साठ, हे काय ते मला काही कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. जोडीत न्यूट्रॉन दोन. म्हणजे जोड्या एकूण न्यूट्रॉनांच्या निम्म्याहून जास्त होऊच शकत नाहीत. एका प्रयोगशाळेच्या मापात काही ठिकाणी त्या होत होत्या. मी घरी गणित करून पाहिलं. नानांचं बरोबर होतं. जे मुळात शक्यच नाही, त्याची सरासरी कसली काढायची?

मार्गदर्शकांनी ऐकलं नाही. अमळनेरात बसून एवढ्या मोठ्या लोकांची चूक काढणारे तुम्ही कोण, असं म्हणून त्यांनी सही नाकारली. नोंदणीची मुदत संपली, बढती दुसऱ्याला मिळाली. मला त्या गृहस्थांचा अजून संताप येतो. नानांनी कधी ब्र काढला नाही. फक्त एकदा मेहरूणच्या तलावाकाठी चालताना थांबले आणि म्हणाले, "मला हवी होती रे पदवी. फार हवी होती..." इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कॉलेजातल्या शोकसभेत फळ्यावर त्यांचं नाव सुरेख अक्षरात लिहिलं होतं, आणि नावाआधी 'डॉ.' कुणीतरी प्रेमापोटीच लिहिलं असणार. खरं सांगतो, मला ते वाचून बरं वाटलं. भाषणं सुरू होणार तोच नानांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या अक्का, उठून उभ्या राहिल्या.

"त्यास्ले ती पदवी मियनी नही," फळ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "पुसा ते."

कुणी जागचं हलेना. प्राचार्य हळूच म्हणाले, "अक्का, राहू द्या. मिळाली नसली तरी त्यांचा तेवढा अधिकार होताच."

अक्का स्वतःच फळ्याशी गेल्या. पदराने तेवढं अक्षर पुसलं, नीट पुसलं गेलं का ते वाकून पाहिलं. मग जागेवर येऊन बसल्या, आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या.