मासा उलटवला तेव्हा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार सुभद्राआत्याचे. आई-वडील ऊसतोडीला जायचे, तेव्हा तिने मला अहमदपूरला आपल्या घरी ठेवून शिकवलं. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. चाकणला नोकरी लागली तेव्हा तीच मला देहूला घेऊन गेली आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली... म्हणजे मांस-मासे कायमचे बंद. तसा शब्द मी तिला दिलाय. भुताखेतांवर मात्र माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे तयार झालेले पार्ट तपासतो. या वर्षी ट्रेनिंगला चीनला जाण्यासाठी माझी निवड झाली. त्या आनंदात आमच्या कदमसाहेबांनी मला आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या दिघीच्या संतोषला रविवारी दुपारी जेवायला नेलं. एका जुन्या कांदा व्यापाऱ्याची दगडी हवेली आहे — सागवानी खांब, रंगीत काचा, झुंबरं. तिथे आता महागडं चायनीज सी-फूड मिळतं. दारातच काचेची टाकी. साहेबांनी बोट दाखवलं तो मासा आमच्या डोळ्यांदेखत जिवंत बाहेर काढला.

मी भात-भाजी सांगितली होती. पण वाफवलेला अख्खा मासा आला आणि साहेबांनी ताट फिरवून त्याचं डोकं माझ्याकडे केलं. ते पूर्वी चीनमध्ये राहिलेले. तिकडे डोकं मानाच्या पाहुण्याकडे करतात, पहिला घास त्याचा, तोवर कुणी हात लावत नाही, असं त्यांनी समजावलं. तिकडे रोज हेच असणार, जमत नसेल तर आत्ताच सांग, दुसऱ्याचं नाव देतो, हेही हसत हसत बोलून घेतलं.

संतोष कानाशी पुटपुटला, "घे राव एक घास. आत्याला कोन सांगायला जातंय? मासा तर बोलनार न्हाई."

मी चॉपस्टिक हातात घेतल्या, खाल्लं मात्र नाही. तिथे कामाची सवय नडली. पार्ट समोर आला की आम्ही आधी उलटा करून खालची बाजू बघतो. मी मासा उलटवला.

"उलटवू नको," साहेब म्हणाले. "ताटात मासा उलटवला की कोळ्याची होडी बुडते, म्हणतात तिकडे."

खालची बाजू खाल्लेली होती. कापलेली नाही — चावलेली, पार काट्यापर्यंत. लाळेची तार ताटाला चिकटून लोंबत होती. आणि प्रत्येक चाव्यात एका जागी मांसाची बारीक पट्टी तशीच उभी राहिली होती. माझा वरचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे... केळं खाल्लं तरी असाच ठसा उमटतो.

तोंडात काहीतरी फिरलं. मी बेसिनकडे पळालो. पांढरं मांस पडलं, आल्याच्या काड्या पडल्या, एक खवला पडला. दाढेत अडकलेला काटा नखाने ओढून काढावा लागला. मागे आलेला संतोष पांढराफटक पडला होता.

"तू तर त्वांडाजवळ बी नेला न्हाईस," एवढंच म्हणाला. "म्या बघत हुतो की."

साहेबांनी आचाऱ्याला बोलावलं. मासा अख्खाच ताटात ठेवला होता, असं तो आईची शपथ घेऊन सांगत होता. साहेबांनीही ती चावलेली बाजू पाहिली होती, त्यामुळे मासा न खाल्ल्याचा दोष मला कुणी दिला नाही. त्या जेवणाचा विषय ते आजही काढत नाहीत. मलाही अजून कशाचा उलगडा झालेला नाही.

आत्याला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. घडलं ते सगळं पत्रात लिहिलं, आणि शेवटी हे:

"आत्या, माळ अजून गळ्यात आहे. ठेवायची की उतरवायची ते तू ठरव. चीनला मी अजून हो म्हटलेलं नाही, तुझं उत्तर आल्यावर सांगेन. मी मासा खाल्ला नाही, संतोष साक्षीला आहे. तू म्हणशील, तोंड धुतलंस, मग आता एवढी किळस कशाची येते? आत्या, चव आवडली होती मला.

तुझा,
बाळू"